पाऊस फार, माती चिकट: अशा जागी भुईमूग कसा घ्यायचा? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

भुईमुगाबद्दल लोक मला जे विचारतात त्यातलं निम्मं एका तक्रारीत मावतं: "झाड हिरवंगार होतं, उपटलं तर खाली चार पोचट शेंगा." उरलेलं निम्मं म्हणजे पिवळी पडलेली पानं आणि जमिनीतच कोंब फुटलेल्या शेंगा. विचारणारे बहुतेक जण जिथे पाऊस थांबायचं नाव घेत नाही आणि माती चपलेला किलो-किलोने चिकटते, तिथले. मीही तसल्याच मातीत हात घालून बसलेला माणूस आहे. काही उत्तरं पीक चांगलं आल्यावर सुचली, बरीचशी वाया गेल्यावर.

एवढ्या पावसात भुईमूग येतो तरी का?

येतो. पाण्याशी त्याचं वैर नाही. पूर्ण हंगामाला त्याला साधारण ५०० ते ७०० मिलिमीटर पाणी लागतंच. त्याहून बराच जास्त पाऊस झाला तरी पीक टिकतं, फक्त पडलेलं पाणी मुळांशी मुक्कामाला राहता कामा नये. मातीतल्या बारीक पोकळ्यांत पाणी भरलं की तिथली हवा जाते. आणि भुईमुगाला जमिनीखाली हवा तिघांसाठी लागते: मुळांना, मुळांवरच्या नत्र बांधणाऱ्या गाठींना आणि वाढणाऱ्या शेंगांना. ज्या पिकाचं फळ वर लागतं त्याची मुळं दोन दिवस गुदमरली तरी फळ मोकळ्यावर असतं. इथे फळच मातीत आहे. त्यामुळे खालच्या बहुतेक उत्तरांत वरच्या पाच-सात सेंटिमीटर मातीचाच विषय पुन्हा पुन्हा येईल, त्याला इलाज नाही.

जमीन भारी आहे हे दिसतंय. पण नेमकं काय बिघडलंय ते कसं ओळखू?

आधी निचरा बघा. ३० सेंमी खोल आणि तेवढाच रुंद खड्डा घ्या, पाण्याने भरा, पूर्ण जिरू द्या. मग पुन्हा भरा आणि तासाभरात पातळी किती उतरली ते काडीवर खूण करून मोजा. दोन-तीन सेंमी उतरत असेल तर गादीवाफ्यावर भागेल. एक सेंमीही उतरत नसेल तर बियाण्याचा विचार नंतर, आधी पाण्याला बाहेर जायला वाट काढा.

मग ढेकूळ. हरभऱ्याएवढं वाळलेलं ढेकूळ ग्लासभर पावसाच्या पाण्यात अलगद सोडा आणि हात लावू नका. नुसतं फुटून तळाशी चुरा झाला तर फार काळजी नाही. पण ढेकळाभोवती दुधट गढूळपणा पसरला आणि तासन्‌तास तसाच राहिला, तर मातीत सोडियम वाढलंय, जमीन चोपणाकडे झुकलीय. अशा मातीला जिप्सम (कॅल्शिअम आणि गंधक असलेलं खनिज) खरोखर लागू पडतं. साध्या चिकण मातीला ते मोकळं करेल अशी आशा मात्र धरू नका.

सामू (पीएच, म्हणजे माती किती आंबट ते सांगणारा आकडा) प्रयोगशाळेतून तपासून घेतलेला बरा. भुईमुगाला ६ ते ७ च्या दरम्यान मानवतो. पाऊस जास्त तिथे वर्षानुवर्षं कॅल्शिअम, मॅग्नेशिअम धुपून जातं आणि माती आंबट होत जाते. सामू ५ च्या आसपास किंवा खाली गेला की मातीतलं ॲल्युमिनिअम विरघळतं, मुळांची टोकं खुंटतात, गाठी नीट धरत नाहीत. झाड खुरटं का राहिलं याचं कारण मग खताच्या पोत्यात शोधून सापडत नाही.

फुलं भरपूर आली होती. मग शेंगा का नाहीत?

हा खरा प्रश्न. याचं उत्तर कळलं की बाकीची निम्मी उत्तरं आपोआप कळतात.

पेरणीनंतर साधारण २५ ते ३५ दिवसांत पिवळी फुलं लागतात. सकाळी लवकर उमलतात, दुपार होईतो मान टाकतात. स्वतःच्याच परागाने फळतात, त्यामुळे पावसात मधमाशा फिरकल्या नाहीत तरी अडत नाही. फलन झालं की फुलाच्या बुडातून दाभणासारखी टोकदार आरी निघते, खाली वळते आणि आठवडा-दीड आठवड्यात मातीत शिरते. होऊ घातलेलं बी त्या टोकातच असतं. मातीत गेल्यावर, अंधार मिळाल्यावर टोक आडवं होतं आणि फुगायला लागतं. जी आरी मातीपर्यंत पोचली नाही किंवा आत शिरू शकली नाही, ती सुकते. सगळ्या फुलांच्या शेंगा होत नाहीत हे धरूनच चाला. पाचातलं एक फूल सार्थकी लागलं तरी पुष्कळ.

एका वर्षी ऐन आऱ्या सुटायच्या वेळी दोन दिवस झोडपून पाऊस झाला आणि मग आठ दिवस कडक ऊन पडलं. मी खूश, की बरं झालं, उघडीप मिळाली. नवव्या दिवशी सहज एका झाडाच्या फांद्या वर उचलून पाहिल्या. जमिनीवर पापडासारखा थर बसला होता, आणि जांभळट आऱ्या त्याला टेकून, टोकं बोथट होऊन आडव्या पडल्या होत्या. काही तर पुन्हा वर वळल्यासारख्या. जिथे तडा गेला होता तिथल्या मात्र तीन-तीन आऱ्या एकाच फटीत घुसलेल्या. खुरप्याच्या टोकाने ओळींमधला पापडा उकलत गेलो, पण निम्म्याअधिक आऱ्या तोवर गेल्या होत्या. खत, बी, फवारणी सगळं वेळेवर झालं होतं; पीक मारलं ते दोन मिलिमीटरच्या पापड्याने.

तेव्हापासून पेरणीआधी वाफ्याच्या वरच्या थरात चाळलेलं, पूर्ण कुजलेलं कंपोस्ट मिसळतो, आणि फुलं दिसायला लागली की रोज एका झाडाखाली बोट घालून बघतो. बोटाचं पहिलं पेर सहज आत गेलं तर आरीही जाईल.

गादीवाफा किती उंच, किती रुंद?

शेतासाठी रुंद वरंबा-सरी, म्हणजे लोक ज्याला बीबीएफ म्हणतात ती पद्धत. भारी काळ्या जमिनीसाठी ती इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेने रुळवली. माथा १२० सेंमी, सरी ३० सेंमी, उंची १५ सेंमी. माथ्यावर ३० सेंमी अंतराने चार ओळी बसतात आणि दोन्ही कडांना १५-१५ सेंमी उरतात. दोन रोपांत १० सेंमी.

हे आकडे मध्यम पावसाचे समजा. जिथे सतत पाऊस असतो आणि खड्ड्यातलं पाणी तासाला एक-दोन सेंमीच उतरतं, तिथे मी उंची २० ते २५ सेंमी करतो आणि माथा अरुंद ठेवतो, ७५ ते ९० सेंमी, त्यावर दोन किंवा तीन ओळी. रुंद वाफ्याचा मधला भाग शेवटपर्यंत ओला राहतो आणि मधल्या ओळी आधी पिवळ्या पडतात. माथा सपाट न ठेवता कासवाच्या पाठीसारखा किंचित फुगीर ठेवा. थोडा खोलगट राहिला तरी तिथे डबकं होतं.

सरीला उतार हवा, पण बेताचा. १०० मीटरला साधारण अर्धा मीटर पुरे. जास्त दिलात तर पाणी वाफ्याची माती घेऊन जातं. आणि एक गोष्ट हमखास राहते: सरीचं तोंड. सरी सुंदर काढायच्या आणि शेवटी बांध तसाच ठेवायचा, म्हणजे तळंच बांधलं की आपण! पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन शेतात जाऊन उभं राहा. पाणी कुठे अडतंय ते त्या पंधरा मिनिटांत जेवढं कळतं तेवढं नकाशा काढून कळत नाही.

वाफे पावसाळ्याआधी, जमीन वाफशावर, म्हणजे ना चिखल ना कोरडी, असताना करा. ओल्या चिकण मातीत अवजार घातलं तर ढेकळं विटेसारखी वाळतात आणि पूर्ण हंगाम तशीच राहतात. वाफा झाल्यावर त्यावर पाय नाही. सगळी ये-जा सरीतून.

चिकण मातीत वाळू मिसळली तर?

नको. मातीचा पोत बदलायचा तर निम्म्याहून जास्त वाळू लागते. घमेलं-दोन घमेली टाकलीत तर वाळूच्या कणांमधल्या जागेत चिकण माती घट्ट बसते आणि वाळल्यावर आणखी कडक होते. तेवढे कष्ट कंपोस्ट आणण्यात घाला. फरक एका हंगामात दिसेल असं नाही, तिसऱ्या वर्षी खुरपं सांगतं.

चुना टाकायचा की जिप्सम?

दोन्हींत कॅल्शिअम आहे म्हणून गोंधळ होतो. चुना आंबटपणा कमी करतो, सामू वर आणतो आणि सावकाश काम करतो. म्हणून तो पेरणीच्या दोन-तीन महिने आधी, माती परीक्षणाचा आकडा बघूनच मिसळायचा. जिप्सम सामूला हात लावत नाही, पण त्यातलं कॅल्शिअम पाण्यात लवकर येतं, शिवाय गंधक मिळतं.

भुईमुगाला फुलोऱ्यात जिप्सम का द्यायचं, याचं कारण मजेशीर आहे. कॅल्शिअम झाडात पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर चढतं, पानांतून पाणी उडून जातं आणि कॅल्शिअम तिथेच राहतं. पानांतून ते पुन्हा खाली उतरत नाही. शेंग जमिनीखाली असल्याने तिच्याकडे हा प्रवाह जवळजवळ येतच नाही. मग ती काय करते? टरफलातून, आसपासच्या मातीतून स्वतःच कॅल्शिअम शोषते. मुळांपाशी कितीही असलं तरी शेंगेभोवतीच्या मातीत नसेल तर दाणा भरत नाही. बाहेरून शेंग टपोरी, फोडली की आत सुकलेली सुरकुती. त्याच कारणाने कॅल्शिअमची पानांवर फवारणी करून शेंगा भरत नाहीत, बाटलीवर काहीही छापलेलं असो.

मात्रा हेक्टरी ४०० किलो धरली तर चौरस मीटरला ४० ग्रॅम, म्हणजे जेमतेम मूठभर. निम्मं पेरणीला आणि निम्मं आऱ्या सुटताना अशी शिफारस सर्रास असते. हलक्या, झिरपणाऱ्या जमिनीत आणि मोठ्या पावसात पेरणीचं जिप्सम शेंगा धरेपर्यंत खाली वाहून जातं, म्हणून तिथे मी सगळंच फुलोरा सुरू होताना देतो. दोन दिवसांची उघडीप बघून, ओळीच्या दोन्ही बाजूंना हातभर पट्ट्यात, पानं कोरडी असताना.

राखेबद्दल नेहमी विचारतात. शेंगा धरतात त्या थरात राख ओतू नका. तिच्यातलं पालाश कॅल्शिअमच्या आड येतं.

पेरणी कधी करावी?

उलटं मोजा. पाऊस साधारण कधी ओसरतो ते आधी ठरवा, त्यानंतर आठ-पंधरा दिवसांत काढणी यावी असं धरा, आणि वाणाचे दिवस मागे मोजून पेरणीची तारीख काढा. ११० दिवसांचा वाण असेल तर पाऊस ओसरायच्या साधारण १०० दिवस आधी. पहिला पाऊस पडला म्हणून लगेच पेरलं की उगवण झकास होते आणि काढणी धो धो पावसात सापडते. भुईमुगाला सुरुवातीचा पाऊस सोसतो, शेवटचा सोसत नाही.

फार उशीरही नको. पाऊस जाऊन महिना झाला की चिकण माती आवळते आणि उपटताना देठ तुटून शेंगा खालीच राहतात. जमीन १८ अंश सेल्सिअसच्या वर तापलेली असावी. गार आणि ओल्या मातीत बी उगवायच्या आधी कुजतं. पावसाळा सहा-सात महिने चालत असेल तर त्याच्या उत्तरार्धात पेरा, किंवा पाऊस संपल्यावर राहिलेल्या ओलीवर आणि हाताशी असलेल्या पाण्यावर पीक घ्या. पाणी आपल्या हातात असेल तर हा दुसरा पर्यायच जास्त भरवशाचा, असं माझं मत.

उपटा वाण घ्यावा की पसऱ्या?

उपटे वाण ९० ते ११० दिवसांत येतात, शेंगा बुडाशी एकवट लागतात, उपटायला सोपे. चिकण मातीला हे सगळं सोयीचं. पण त्यांच्यात एक खोट आहे: बहुतेक उपट्या वाणांच्या बियांना सुप्तावस्था नसते. शेंग पक्व झाली आणि ओल मिळाली की बी जमिनीतच रुजतं. तयार पिकावर चार दिवस पाऊस लागला की शेंगेच्या टोकातून पांढरा कोंब डोकावतो. पसऱ्या आणि निमपसऱ्या वाणांत सुप्तावस्था असते, पण त्यांना १२० दिवसांहून जास्त लागतात, शेंगा लांबवर पसरतात, आणि चिकण मातीतून त्या वेचताना कंबर जाते.

मधला मार्ग आहे. दोन-तीन आठवड्यांची सुप्तावस्था असलेले उपटे वाण पैदास करून काढलेले आहेत. बियाणं घेताना उत्पन्न विचारण्याआधी हे विचारा. त्यासोबत टिक्का आणि तांबेरा या पानांवरच्या रोगांना किती तोंड देतो तेही.

अर्धं बी उगवतच नाही. काय चुकतं?

बहुतेक वेळा खोली. हलक्या मातीत ५ सेंमी ठीक, चिकण ओल्या मातीत ३ ते ४ सेंमी बास. शेंगा पेरणीच्या चार-आठ दिवस आधीच हाताने फोडा आणि लालसर साल फाटलेला दाणा बाजूला काढा. त्या फाटीतूनच बुरशी आत शिरते. बी रात्रभर भिजत घालून ओल्या मातीत पेरू नका, आधीच ओलीला तोटा नाही.

बीजप्रक्रियेत क्रम सांभाळा. बुरशीनाशक वापरणार असाल तर ते आधी, आणि रायझोबियम (मुळांवर गाठी करणारे जिवाणू) सगळ्यात शेवटी, पेरणीच्या दिवशी, सावलीत सुकवून. रासायनिक नको असेल तर किलोमागे ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी), मग रायझोबियम. भुईमूग जिथे आधी कधी घेतला नाही तिथे रायझोबियम टाळू नका. तीन-चार आठवड्यांनी एक रोप खणून गाठ नखाने चिरा: आतून गुलाबी असेल तर नत्र बांधायचं काम चालू आहे, पांढरी किंवा हिरवट असेल तर गाठ नुसती नावाला.

खत किती?

थोडंच. हेक्टरी २० ते २५ किलो नत्र आणि ४० ते ५० किलो स्फुरद, पेरणीलाच. जास्त युरिया दिलात तर झाड माजतं, गाठी आळशी होतात आणि दाट पाल्यात रोग. शेणखत पूर्ण कुजलेलं हवं. कच्च्या शेणाबरोबर हुमणी येते आणि ती शेंगा पोखरते.

पाऊस झाला की चार दिवसांत पानं पिवळी पडतात. युरिया टाकू?

आधी कोणती पानं ते बघा. खालची, जुनी पानं सगळी सारखी फिकट असतील तर पाणी साचून गाठी बंद पडल्यात. सरी मोकळी करा, वाफसा आला की बऱ्याचदा आठवड्यात रंग परततो.

शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता. चुनखडीच्या जमिनीत हे हटकून होतं, आणि पाऊस लांबला की वाढतं, कारण तुंबलेल्या पाण्यात बायकार्बोनेट साठतं आणि झाडाला लोह घेता येत नाही. इथे युरिया म्हणजे तहानलेल्याला जेवण. लिटरला ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, ताजं कालवून उघडीप बघून फवारा. आठ-दहा दिवसांनी पुन्हा. दुपारच्या उन्हात फवारलंत तर पानं करपतात. निचरा सुधारला नाही तर फवारण्या चालूच राहतील.

मातीची भर घालावी की नाही?

यावर दोन तट आहेत आणि दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. भर घातली की उंचावरच्या आऱ्यांना माती जवळ येते. पण ओल्या हवेत खोडाला आणि फांद्यांना माती चिकटली की तिथूनच खोडकुजीची बुरशी चढते, आणि मातीत गाडलेल्या सांध्यांना फुलं धरत नाहीत. कोरड्या हवेत भर फायद्याची पडेल. सतत पावसात मी ती घालत नाही. घालायचीच तर फुलं यायच्या सुमाराला एकदाच, ओळींमधली भुसभुशीत माती नुसती बुडाकडे सरकवून, खोड मोकळं ठेवून.

पिकावरून रिकामा ड्रम फिरवायचा उपायही ऐकला असेल. भुसभुशीत, कोरड्या जमिनीत त्याने आऱ्या मातीत टेकतात. ओल्या चिकण मातीवर ड्रम म्हणजे रोलर. आपणच रस्ता तयार करायचा आणि मग आऱ्यांनी त्यात शिरावं अशी अपेक्षा करायची!

आऱ्या शिरायला लागल्यावर कोळपं, खुरपं सगळं बंद. त्यामुळे तणाचं जे काय करायचं ते पहिल्या ४० दिवसांत. नंतरचं मोठं तण उपटू नका, कापा; उपटताना शेजारच्या आऱ्या निघून येतात.

पानांवरचे ठिपके कसले?

भिंगाची गरज नाही, पान उलटून बघा. तपकिरी ठिपका आणि भोवती पिवळं वलय, जास्त करून पानाच्या वरच्या बाजूला: लवकर येणारा टिक्का. काळपट, खालून खरखरीत ठिपका: उशिरा येणारा टिक्का. खालच्या बाजूला नारिंगी पुटकुळ्या, बोट फिरवलं की विटकरी भुकटी लागते: तांबेरा. टिक्क्याने पानं गळतात, तांबेऱ्याची बहुधा वाळून झाडालाच लटकतात.

तिघांनाही पान तासन्‌तास ओलं राहिलेलं आवडतं. म्हणून पावसाळी हवेत ओळी वाऱ्याच्या दिशेने आणि जास्त दाटी न करता. फवारणी ठिपके सगळीकडे झाल्यावर करून हाती काही लागत नाही. पेरणीनंतर ३५ दिवसांपासून दर चार दिवसांनी खालची पानं बघायची आणि पहिल्या ठिपक्यांवर सुरुवात करायची. मॅन्कोझेब, क्लोरोथॅलोनिल पानावर राहून बचाव करतात, पावसाने धुतले जातात. टेब्युकोनॅझोल, हेक्झाकोनॅझोल पानात शिरतात. आलटून पालटून वापरा. आपल्याकडे त्या औषधाला या पिकासाठी परवानगी आहे का आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं, ते लेबलवर वाचूनच.

एकेक झाड अचानक सुकतं, बुडाशी पांढरी जाळी दिसते.

खोडकूज. जाळीवर मोहरीसारखे तपकिरी दाणे दिसले की शंकाच नको. ते दाणे मातीत काही वर्षं जगतात, म्हणून झाड आसपासच्या मातीसकट उचला, पिशवीत घाला, शेताबाहेर न्या. कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका. गळून पडलेल्या पानांच्या ओल्या थरावर ही बुरशी पोसते, म्हणजे टिक्का आवरला की हिचाही जोर कमी होतो.

काढणीची वेळ झाली हे वरून कसं कळतं?

वरून कळत नाही. पानं पिवळी झाली म्हणून उपटलं, अन् तो टिक्का निघाला, असं माझं झालंय. वाणाच्या दिवसांना आठवडा उरला की शेताच्या चार कोपऱ्यांतून चार झाडं काढा, सगळ्या भरल्या शेंगा फोडा आणि टरफलाची आतली बाजू बघा. कोवळ्या शेंगेची पांढरी, स्पंजासारखी असते; पक्व शेंगेची तपकिरी-काळी. दहातल्या सात-आठ आतून काळवंडल्या असतील तर काढा. हवामान बिघडणार असेल आणि वाण सुप्तावस्था नसलेला असेल, तर मी सहावरही उपटतो. थोडं वजन जातं, पण कोंब फुटलेल्या शेंगांना वजन असून काय करायचं?

नेमक्या काढणीला पाऊस लागला तर?

उपटल्यावर झाड बुडाला धरून झटका, माती जमेल तेवढी तिथेच पाडा. मग झाडं उलटी, शेंगा आकाशाकडे करून दोन-तीन दिवस ठेवा. पाऊस असेल तर छपराखाली, जमिनीपासून वर जाळीवर किंवा दोरीवर, आणि पंखा लावा. ढीग घालून ताडपत्री झाकली की आत भट्टी तयार होते. काढताना शेंगेत ३५ ते ५० टक्के ओल असते. ती ८-९ टक्क्यांवर आणायची आहे. मीटर नसेल तर शेंग कानाशी हलवा, दाणा खुळखुळला पाहिजे. दाणा चोळल्यावर साल सुटली पाहिजे, आणि दातात धरल्यावर वाकता कामा नये, कट्‌कन तुटला पाहिजे.

याबाबतीत चालढकल करू नका. ओल्या दाण्यावर वाढणारी अस्परजिलस फ्लेव्हस बुरशी अफ्लाटॉक्सिन तयार करते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले तेव्हा त्यांच्या खाद्यातल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत माग लागला आणि या विषाचं नाव जगाला कळलं. यकृतावर घाला घालणारं, कर्करोग करणारं हे विष शिजवून किंवा भाजून पूर्ण जात नाही. बुरसट, सुरकुतलेले, कोंब आलेले, किडीने टोचलेले दाणे निवडून फेका. जनावरांनाही घालू नका.

वाळवायला जमणारच नसेल, तर ताज्या भरल्या शेंगा धुऊन त्याच दिवशी उकडा. तेवढंच पीक हाती लागतं.

जागाच नाही. कुंडीत किंवा पिशवीत जमेल?

चिकण मातीच्या त्रासातून सुटायचा तो सगळ्यात सोपा रस्ता आहे. ३० सेंमी खोल आणि त्याहून रुंद भांडं. आऱ्या कडेच्या बाहेर पडल्या तर फुकट जातात, म्हणून रुंदी महत्त्वाची. निम्मी माती, निम्मं कंपोस्ट आणि जाडी वाळू. बुडाला भरपूर भोकं, खाली दोन विटा. ४५ सेंमी रुंदीच्या भांड्यात दोन रोपं पुरे.

पुढच्या वर्षी त्याच वाफ्यावर पुन्हा भुईमूग?

नाही. खोडकूज आणि टिक्का दोन्ही मागे राहतात. मध्ये दोन हंगाम तृणधान्य घ्या, मग परत या. पण काढणी झाल्यावर वाफे मोडू नका. माथा तसाच ठेवा, त्यावर पालापाचोळा पसरा, पुढच्या पिकाची ओळ तिथेच टाका. नव्याने रचलेल्या वाफ्यापेक्षा तीन वर्षं न तुडवलेल्या वाफ्यात पाणी कितीतरी लवकर जिरतं. पुन्हा एकदा तो ३० सेंमीचा खड्डा घेऊन बघा.